जालन्याचे बियाणे मोरजीपर्यंत का आले नाही

मोरजीचे नाव आज निघाले की लोकांना ऑलिव्ह रिडले कासवे आठवतात, नाहीतर रशियन अक्षरांतल्या पाट्या. किनाऱ्यामागच्या सखल पट्ट्यात पावसाळ्यात भात उभे असते, हे गाडीतून जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. पण पेडणे तालुक्याच्या शेतीचा इतिहास लिहायचा तर त्याला भाताशिवाय दुसरी सुरुवात नाही. हा मुलूख १७८८ साली सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला आणि तेरेखोलच्या पाण्यावर सरहद्द आली. ती माणसांना आणि मालाला अडवत असे. पाऊस, जांभा, खारे वारे आणि भातावरची कीड यांना तिचा काही अडसर नव्हता.

गोव्यातला शेतकरी भाताची जमीन तीन नावांनी ओळखतो. टेकडीच्या उतारावरची ती मोरड, गावालगतची रेताड ती खेर, आणि नदीमुखाशी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेले ते खाजन. ज्या शापोरा नदीच्या मुखाशी मोरजी आहे, तिच्या खाडीकाठी खाजनांची शेती पिढ्यान्‌पिढ्या झाली. प्रत्येक जमिनीला आपले बी होते. खाजनात खारे पाणी सोसणारी कोरगुट आणि आसगो. इतरत्र मुणो, दामगो, पाटणी अशी कितीतरी. ही भाते उंच वाढत, जास्त खत घातले तर लोळत, आणि उतारा बेताचाच देत. पण बी घरचे असे. ते विकत घ्यायची वस्तू आहे, ही कल्पनाच नव्हती.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्याचेच सुपुत्र. त्यांच्या कारकिर्दीत, १९६४ साली, कूळ कायदा आला. पुढे १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कुळाला जमिनीच्या मालकीची वाट खुली झाली. जमिनीचा मालक बदलत होता त्याच काळात शेतातले बीही बदलले. अखिल भारतीय भात संशोधन प्रकल्पाने १९६८ मध्ये ‘जया’ प्रसारित केली. तैवानच्या बुटक्या ‘तायचुंग नेटिव्ह १’ आणि ओडिशाच्या ‘टी १४१’ यांच्या संकरातून ती निघाली होती. मागून केरळातल्या पट्टांबी केंद्राची ‘ज्योती’ आली, १९७४ ची. तिचा दाणा लाल. उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेल्या गोव्याला ती मानवली, आणि अजूनही मानवते.

जुनी भाते किडीपासून मुक्त होती असे काही लोक सांगतात. ते भाबडेपणाचे आहे. कीड पूर्वीही होती. फरक पडला तो असा की बुटकी, दाट फुटव्यांची, युरियावर पोसलेली हिरवीगार शेते एका वेळी, एकाच वाणाची, मैलोगणती उभी राहू लागली. किडीला इतके मऊ, इतके एकसारखे खाद्य पूर्वी कधी मिळाले नव्हते. त्यावर इलाज म्हणून बीएचसीची भुकटी आली, मग दाणेदार फोरेट. भुकटी तुडतुड्यांबरोबर त्यांना खाणारे कोळी आणि चतुरही मारी, आणि मग तुडतुडे दुपटीने वाढत. १९७३-७४ मध्ये केरळातल्या कुट्टनाडमध्ये तपकिरी तुडतुड्यांनी भात जाळल्यासारखे करून टाकले, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर याची पहिली मोठी जाणीव झाली.

सगळ्या किडींमध्ये चिवट म्हणजे पिवळा खोडकिडा. मादी पतंग पिवळसर, पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर आपल्या अंगाचीच पिंगट लव पसरते. अळी बाहेर आली की थोडाच वेळ उघड्यावर असते. मग खोडात शिरते आणि तिथून पुढे फवाऱ्याचा थेंब तिच्यापर्यंत पोचत नाही. पीक फुटव्यात असताना आली तर मधला पोंगा सुकतो, ओढला की हातात येतो. निसवताना आली तर लोंबी पांढरी पडून ताठ उभी राहते, आत एकही दाणा नसतो. शेतकरी तिला पळींज म्हणतात. शेतात पळींज दिसू लागले म्हणजे करण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून सगळे शहाणपण आधीचे: लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून अंडी बांधावरच नष्ट करायची, कापणी जमिनीलगत करायची, कापणीनंतर नांगरून धसकटांत लपलेल्या अळ्या उघड्यावर आणायच्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठापासून गोव्याच्या कृषी खात्यापर्यंत सगळे हेच सांगत आले आहेत.

आता प्रश्न असा की भातातच किडीला दाद न देणारा गुण सापडला तर? ही शोधाशोध फार जुनी आहे, आणि ती आपल्याच शेतांतल्या बियांवर झाली आहे. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योस येथे १९६० साली फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांच्या पैशातून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली. तिने जगभरचे वाण गोळा केले आणि एकेकावर कीड सोडून पाहिली. तुडतुड्यांना न जुमानणारे काही वाण निघाले ते केरळातल्या पट्टांबीचे. आपल्या ज्योतीचेही गाव तेच. तामिळनाडूच्या ‘टीकेएम ६’ मध्ये खोडकिड्याला थोडाबहुत विरोध आढळला. उत्तर प्रदेशातल्या एका रानभाताच्या नमुन्यात खुरट्या रोगाच्या विषाणूला तोंड देणारे जनुक मिळाले. गुरदेवसिंग खुश यांनी हे सगळे धागे कटकहून आलेल्या एका भारतीय वाणासह एकत्र गुंफले आणि १९७६ मध्ये ‘आयआर ३६’ हा वाण तयार झाला. पुढच्या दशकात तो जगातला सर्वांत जास्त क्षेत्रावर लावलेल्या वाणांपैकी एक ठरला.

त्याआधीचा प्रसंग मात्र विसरता येत नाही. १९७३ चा ‘आयआर २६’ तुडतुड्यांना दाद देत नव्हता. इंडोनेशियात तो लाखो हेक्टरांवर लागला, आणि दोन-तीन वर्षांतच तुडतुड्यांची नवी पिढी त्या एका जनुकावर मात करून शेते फस्त करू लागली. गादमाशीच्या बाबतीत आपल्याकडेही तेच झाले. पूर्व विदर्भापासून आंध्रपर्यंत जिथे ही माशी पोंग्याची चंदेरी नळी करून टाकते, तिथे १९७७ चा ‘फाल्गुना’ वाण मोठा आधार होता. १९८० च्या दशकात उत्तर आंध्रात माशीचा नवा प्रकार निघाला आणि आधार गेला. एका जनुकावर सारी भिस्त ठेवली की कीड तो अडथळा कधी ना कधी ओलांडते. हे जनुक-अभियांत्रिकीच्या आधीच ठाऊक झालेले सत्य आहे, आणि दोन्ही बाजूंचे वक्ते ते सोयीने विसरतात.

पण खोडकिड्याची गोष्ट निराळी निघाली. तुडतुड्यांविरुद्ध तीसहून अधिक आणि गादमाशीविरुद्ध दहाएक जनुके भाताच्या कुळातच मिळाली. खोडकिड्याविरुद्ध मात्र हजारो वाण तपासूनही भक्कम असा एकही मिळाला नाही. म्हणूनच शास्त्रज्ञ भाताच्या बाहेर पाहू लागले. बीटी भाताला विरोध करणाऱ्यांनी हा मुद्दा कधी नीट ऐकून घेतला नाही, असे माझे मत आहे. कंपन्यांच्या नफ्याची गोष्ट खरी. पण हे संशोधन सुरू झाले ते एका खऱ्या अडचणीतून.

इथे गोव्याचा एक माणूस या इतिहासात येतो, आणि त्याच्याशिवाय पुढची चिडाचीड समजत नाही. १९८६ मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’त क्लॉड आल्वारिस यांचा एक लांबलचक लेख आला, जनुकांच्या चोरीवर. गोवा फाउंडेशन त्याच वर्षी स्थापन झाले. म्हापशाचे अदर इंडिया बुकस्टोअर आल्वारिसांच्याच वर्तुळातले. मोरजीहून शापोरा ओलांडली की बार्देस, आणि म्हापसा तर पेडणेकरांची बाजारपेठ. लेखाचा नायक होते डॉ. आर. एच. रिछारिया. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे ते संचालक. तायचुंगचे बुटके भात रोगकिडीची तपासणी न करता देशभर पसरवायला त्यांनी विरोध केला आणि त्यांना पद सोडावे लागले. नंतर त्यांनी रायपूरला मध्य प्रदेशच्या भात संशोधन संस्थेत छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडून सुमारे १९ हजार नमुने गोळा केले. लॉस बान्योसला हा संग्रह हवा होता, रिछारियांनी दिला नाही, आणि ती संस्थाच बंद पडली, असे आल्वारिसांनी लिहिले. या मांडणीतले आरोप सगळ्यांनी मान्य केले नाहीत. तरी त्या लेखाने एक प्रश्न कायमचा रुजवला: बियाण्यातला किडीला तोंड देणारा गुण कुणाचा, शेतकऱ्याचा की संस्थेचा? २००२ च्या अखेरीस रायपूरच्या कृषी विद्यापीठाने हाच संग्रह संशोधनासाठी सिंजेंटा कंपनीला खुला करण्याचा करार केल्याचे बाहेर आले, तेव्हा छत्तीसगडात एवढा गदारोळ झाला की कंपनीने माघार घेतली. बीटी भात शेतात उतरण्यापूर्वीच भाताच्या जनुकांविषयीचा संशय असा पिकून तयार होता.

आता त्या जिवाणूकडे. १९०१ मध्ये जपानच्या शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकिड्यांना मारणाऱ्या एका जिवाणूची नोंद केली. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंगियात एर्न्स्ट बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला आणि त्या प्रांतावरून नाव पडले बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी. या जिवाणूच्या पेशीत प्रथिनाचे स्फटिक असतात. अळीने ते गिळले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात, आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागी कुलपात किल्ली बसावी तसे बसतात आणि आतड्याला भोके पाडतात. अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाच्या आतड्यात तसा रस नाही आणि तशी जागाही नाही. १९३८ पासून फ्रान्समध्ये हा जिवाणू फवारणीच्या रूपात विकला जात होता आणि सेंद्रिय शेतीवालेही तो वापरतात. फवाऱ्याची अडचण एवढीच की तो उन्हात टिकत नाही आणि खोडात पोचत नाही.

प्रथिनाचे जनुकच झाडात घातले तर ते खोडात पोचते. १९८७ मध्ये बेल्जियममधल्या गेंट येथे हे तंबाखूत साधले. भातात हे करणे सोपे नव्हते. तंबाखूत जनुक सोडणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू गवतवर्गीय झाडांना सहसा लागत नाही. १९९४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तो भाताला नीट वापरून दाखवला. त्याआधीच, १९९३ मध्ये, जपानमध्ये पहिला बीटी भात निघाला होता, तो जपानी गटाच्या वाणात. १९९६ मध्ये झुरिचला इंगो पोट्रिकुस यांच्या प्रयोगशाळेत आपल्याकडच्या ‘इंडिका’ गटातल्या आयआर ५८ मध्येही ते जनुक बसले. या सगळ्यामागे रॉकफेलर प्रतिष्ठानचा १९८० च्या दशकात सुरू झालेला भात जैवतंत्रज्ञान कार्यक्रम होता. पंधरा वर्षांत त्यावर सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले आणि भारतातल्या कित्येक प्रयोगशाळांनी भातावरचे हे काम त्यातूनच शिकून घेतले.

बीटीची मर्यादा मात्र मोठी आहे. बीटीच्या ज्या ‘क्राय’ नावाच्या प्रथिनांचा भातात वापर झाला ती पतंगवर्गातल्या अळ्यांनाच मारतात: खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी, सुरळीतली अळी. रस शोषणारे तुडतुडे त्यांना बधत नाहीत, गादमाशी बधत नाही, कोकणातले निळे भुंगेरे बधत नाहीत, खाजनातले खेकडे तर नाहीतच. तुडतुड्यांसाठी कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटने लसणाच्या पानातल्या लेक्टिन प्रथिनाचे जनुक भातात घालून पाहिले. प्रयोगशाळेत तुडतुडे मेले. त्यापुढे हा भात बांधावर आला नाही.

चीनने मात्र ही गोष्ट फार दूर नेली. वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठात झांग चिफा यांच्या चमूने ‘हुआहुई १’ आणि बीटी ‘शानयू ६३’ ही वाणे तयार केली. शेतकऱ्यांच्याच शेतांत झालेल्या चाचण्यांचा अहवाल २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला: बीटी भात लावणाऱ्यांची कीटकनाशके सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. त्याच वर्षी हुबेई प्रांतात हे बियाणे परवानगीशिवाय बाजारात विकले जात असल्याचे उघडकीला आले, आणि पुढच्या वर्षी युरोपातल्या चिनी तांदळाच्या मालात ते सापडले. २००९ मध्ये चीन सरकारने दोन्ही वाणांना जैवसुरक्षा प्रमाणपत्र दिले. लागवडीची परवानगी आजतागायत नाही. इराणने २००४-०५ मध्ये बीटी ‘तारोम मोलाई’ प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या हाती दिले होते. सरकार बदलले आणि तो कार्यक्रमही थांबला.

मराठी मुलखातले केंद्र होते जालना. हिंगोलीत जन्मलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून निघालेला हा उद्योग देशातल्या आघाडीच्या बियाणे कंपन्यांत जाऊन बसला. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोन्सॅन्टोने महिकोत २६ टक्के वाटा घेतला. २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या बीटी कापसाला केंद्राने परवानगी दिली आणि बीटी हा शब्द विदर्भ-मराठवाड्यातल्या घराघरात पोचला. जालन्याजवळच्या दावलवाडीच्या संशोधन केंद्रातून कापसानंतर दोन पिके यायची होती: वांगी आणि भात.

२००६ हे वर्ष भाताला वाईट ठरले. १८ ऑगस्टला अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की बायर कंपनीचा तणनाशक सोसणारा, परवानगी नसलेला ‘एलएल ६०१’ भात त्यांच्या लांब दाण्याच्या तांदळात मिसळला आहे. किडीशी त्याचा संबंध नव्हता; पण युरोपने आयात रोखली, भाव कोसळले आणि पुढे २०११ मध्ये बायरला अमेरिकी शेतकऱ्यांशी ७५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. हे पाहून आपल्याकडचे बासमतीचे निर्यातदार हादरले. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या चाचण्यांना परवानगी देण्यावर तात्पुरती बंदी घातली. आधी परवानगी मिळालेल्या चाचण्या चालू होत्या. २८ ऑक्टोबरला हरियाणात कर्नाल जिल्ह्यातल्या रामपुरा गावी भारतीय किसान युनियनच्या कार्यकर्त्यांनी महिकोचा बीटी भाताचा प्लॉट जाळला. शेत ज्याचे होते त्याला आपण काय लावले आहे याची नीट कल्पना दिली गेली नव्हती, असा आंदोलकांचा आरोप होता. पंधरा दिवसांत तामिळनाडूत कोइम्बतूरजवळचाही प्लॉट उपटला गेला. बासमतीच्या पट्ट्यात चाचण्या करायच्या नाहीत असे ठरले. म्हणजे शेतकरी संघटना आणि निर्यातदार व्यापारी, ज्यांचे एरवी कधी जमत नाही, ते या एका मुद्द्यावर एका बाजूला उभे होते. भाताचे भवितव्य मला वाटते इथेच ठरले. कापूस अंगावर घालतात. तांदूळ ताटात येतो आणि परदेशात विकला जातो.

प्लॉट जाळणे मला पटत नाही. बीटी भात खोडकिड्याला किती थोपवतो, कोळ्यांचे आणि फुलपाखरांचे काय होते, शेजारच्या शेतात परागकण किती जातात, याची उत्तरे त्याच प्लॉटमधून मिळणार होती. पण ती उत्तरे कुणाला मिळणार होती, हेही विचारले पाहिजे. महिकोच्याच बीटी वांग्याच्या जैवसुरक्षा चाचण्यांची माहिती लोकांसमोर आली ती २००८ मध्ये, माहितीच्या अधिकारातला लढा आणि सर्वोच्च न्यायालयाचा रेटा यांच्यानंतर. कुलूपबंद अहवाल आणि पेटवलेला प्लॉट, दोन्हींनी एकच काम केले. भाताविषयीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचू दिले नाही.

पुढचे झपाट्याने सांगण्यासारखे आहे. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्यावर सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यात नागपूरही होते; ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. वांगी अडली म्हणजे भाताची रांग आपोआप थांबली. २०११ पासून शेतचाचणीसाठी राज्याचे ना-हरकत पत्र लागू लागले. २०१२ मध्ये संसदेच्या कृषी समितीने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने सावधगिरीचा कौल दिला. तज्ज्ञ समितीचा एक मुद्दा भाताला नेमका लागू होतो: ज्या पिकांच्या विविधतेचे उगमस्थान भारत आहे त्यांत परके जनुक सोडू नये. कोकणात ऋषिपंचमीला जे देवभात शिजवतात, पाणथळीत आपोआप उगवणारे, ते भाताचे रानटी भावंडच आहे. भात स्वपरागी आहे, शेजारच्या वाणाशी त्याचा संकर शंभरात एकाहूनही कमी होतो. पण रानभाताशी तो होऊ शकतो, आणि एकदा झालेला परत बोलावता येत नाही.

जुलै २०१४ मध्ये केंद्राच्या समितीने भातासह अनेक पिकांच्या चाचण्यांना मंजुरी दिली. स्वदेशी जागरण मंच आणि भारतीय किसान संघ पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरांना भेटले आणि मंजुरी अडकली. जानेवारी २०१५ मध्ये महाराष्ट्राने, अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून, भातासह पाच पिकांच्या चाचण्यांना ना-हरकत दिली. लागवडीपर्यंत त्यातले भात आले नाही. दरम्यान कापसात शेंदरी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले होते. गुजरातमध्ये २०१० च्या सुमारास हे दिसले, आणि विदर्भ-मराठवाड्यात २०१७ मध्ये तिने हाहाकार केला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक माणसे मेली. ‘बीटीमुळे फवारणी थांबते’ हे वाक्य त्यानंतर यवतमाळात कुणी जाहीरपणे म्हणू शकले नाही. जे फाल्गुनाचे झाले तेच बीटी कापसाचे झाले होते.

आणि गोवा? जुन्या गोव्याजवळ एला येथे १९७६ पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्र आहे. आता ते केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तिथल्या शास्त्रज्ञांनी परके जनुक आणण्याऐवजी खाजनातल्या कोरगुटातून निवड करत ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ ही क्षार सोसणारी वाणे काढली. खोडकिड्यासाठी सल्ला तोच: शेंडे खुडा, कामगंध सापळे लावा, ट्रायकोग्रामा या परजीवी कीटकाची कार्डे बांधा. हे कमी चमकदार वाटेल. पण पेडण्यातल्या भातशेतीचे आजचे दुखणे खोडकिडा आहे असे म्हणणे कठीण. बांध फुटून खारे पाणी आत येते, लावणीला माणूस मिळत नाही, शेताला बिगरशेतीचा भाव येतो. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तो भाव आणखी वाढला. बीटी भात आला असता तर चांगल्या वर्षी एखादी फवारणी वाचली असती. पडीक पडलेले खाजन त्याने पुन्हा पिकले नसते. मुंबई-दिल्लीच्या वादात दोन्ही बाजूंनी हा हिशेब कधी मांडला नाही.

मे २०२५ मध्ये भारताने भाताची दोन जनुक-संपादित वाणे जाहीर केली, हैदराबादची ‘कमला’ आणि दिल्लीची ‘पुसा डीएसटी राइस १’. परक्या जीवाचे जनुक त्यांत नाही, म्हणून २०२२ च्या सवलतीने त्यांना जुन्या चाळणीतून जावे लागले नाही. दोन्हींतली एकही कीडरोधक नाही. परके जनुक घातलेला कीडरोधक भात भारतात आजही कुठल्याच शेतकऱ्याला कायदेशीरपणे पेरता येत नाही.

तुडतुडे आणि गादमाशी यांना तोंड देणारी जी जनुके आजवर कामाला आली, त्यांतली कितीतरी कुठल्या ना कुठल्या शेतकऱ्याच्या घरच्या बियाण्यातून आली आहेत. पेडणे-डिचोलीत कुणाच्या माळ्यावर मुडीत बांधलेले कोरगुट, आसगो, दामगो किंवा नाव विसरलेले एखादे भात अजून असेल, तर त्यातले थोडे बी एलाच्या संस्थेकडे द्यावे, आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिलेल्या हक्काप्रमाणे ते आपल्या किंवा गावाच्या नावावर नोंदवावे. नोंद झाली नाही, तर उद्या त्यातले जनुक ज्याच्या हाती लागेल त्याचे होईल.